पाच भोकांचं बूच

१

बर्लची बंदूक दुपारी दीड वाजता, बाराव्या काडतुसाला मेली.

खुद्द बर्ल स्टिल्टनरला जाऊन सहा वर्षं झाली होती. पण तो गेला त्या दिवशीही सावरवुड फोर्कच्या नेमबाजी क्लबात इतकी शांतता पसरली नव्हती. त्या दिवशी निदान कुत्री तरी भुंकली होती. आज कुत्रीसुद्धा गप्प बसून बंदुकीच्या धडाला गेलेला तडा बघत होती.

ही बंदूक आपली आपण भरणारी. बार उडाला की नळीतल्या धुराचा थोडा वाटा मागे वळतो, दट्ट्याला ढकलतो. दट्ट्या रिकामी पुंगळी बाहेर फेकतो आणि नवं काडतूस आत ओढतो. हा वाटा किती द्यायचा ते ठरवतं नळीखालचं अंगठ्याएवढं बूच. कारखान्याच्या बुचाला दोनच गोष्टी कळतात, कमी आणि जास्त. हलक्या, स्वस्त काडतुसाला वाटा कमी पडला की बंदूक घास अडकल्यासारखी अडते. भारी काडतुसाला जास्त झाला की दट्ट्या मागच्या भिंतीवर घणासारखा आपटतो. म्हणून या डोंगरात ज्याच्या घरी लेथ आहे तो स्वतःचं बूच बनवतो, आणि ज्याच्या घरी नाही तो दुसऱ्याच्या बुचाला नावं ठेवतो.

ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी या बुचांची परीक्षा असते. बंदूक एकच, बर्लने क्लबाला दिलेली. काडतुसं वीस. एक हलकं लाल, एक भारी हिरवं, पुन्हा लाल, पुन्हा हिरवं, अशी खिचडी. बूच कोणत्या आकड्यावर ठेवायचं ते बनवणाऱ्याने चिठ्ठीवर लिहून द्यायचं आणि मग हात मागे बांधून उभं राहायचं. ज्याच्या बुचाला सगळ्यात कमी अडकण्या, त्याचं नाव वर्षभर फळ्यावर सगळ्यात वर.

सकाळी गारलँड कीनच्या बुचाने चार वेळा अडकून दाखवलं. टॉली रॅटलिफच्या बुचाने दोनदा. जेवणानंतर ऑर्फा स्टिल्टनरची पाळी आली. बहात्तर वर्षांची, काटक आणि डावखुरी बाई. खाणीच्या यंत्रशाळेत एकतीस वर्षं लेथवर उभी राहिलेली. अकरा काडतुसं गेली आणि बाराव्याला हे असं झालं.

क्लबाचा अध्यक्ष हार्लेस व्हॅन्डाइक, ज्याच्या खांद्याला ती बंदूक होती, तो नुसता डोळे मिचकावत उभा राहिला. सगळ्यात आधी टॉली धावला. त्याने हार्लेसच्या हातून बंदूक घेतली, रिकामी केली आणि आजारी पोर उचलावं तशी छातीशी धरून मांडवाखालच्या टेबलावर आणून ठेवली. मग गारलँडने पक्कडीने बूच धरलं, ते कुठल्या आकड्यावर आहे ते सगळ्यांना दाखवलं आणि मगच बाहेर काढलं.

"तीनावर," तो म्हणाला. "चिठ्ठीवर काय लिहिलं होतंत, मिस ऑर्फा?"

"तीन."

"म्हणजे तुमचं बूच, तुमचा आकडा." गारलँडचं तालुक्याच्या गावी बंदुकांचं दुकान होतं, आणि गिऱ्हाइकाला वाईट बातमी देतानाही त्याचे दात दिसत. "आणि नवऱ्याची बंदूक. हार्लेसचं डोकं उडालं असतं."

"त्यात उडण्यासारखं फार नाही," ऑर्फा म्हणाली. "पुढे बोल."

पुढचं हार्लेस बोलला, जमिनीकडे बघत. चार वाजता सभा. असलं बूच बनवणाऱ्या माणसाला क्लबात ठेवायचं की नाही, यावर हात वर करून मत. नाही ठरलं तर फळ्यावरून नावही उतरवायचं, तिचं आणि ओघाने बर्लचंही, कारण दोघांचं नाव एकाच पाटीवर होतं.

"तू माफी मागितलीस तर गोष्ट वेगळी," तो पुटपुटला.

"माफी मी एकदाच मागितली होती, हार्लेस. एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली. तेव्हाही चूक माझी नव्हती." तिने पक्कडीसकट बूच गारलँडच्या हातून काढून घेतलं. "चार वाजायला सव्वादोन तास आहेत. तोवर हे माझ्याजवळ राहील."

टॉली तिच्या शेजारी उभा होता. उघड्या डोक्याने. चर्चमध्येसुद्धा टोपी न काढणारा हा माणूस आज बंदुकीच्या मानासाठी बोडका उभा आहे हे बघून दोन बायकांनी डोळे पुसले.

ऑर्फाने मात्र डोळे पुसले नाहीत, बारीक केले. तिच्या बुचाला पाच भोकं होती, लहानमोठी. जो आकडा लावाल तेवढंच भोक धुराच्या वाटेवर येई, बाकीची चार झाकलेली राहत. परीक्षेचा नियमच असा की बूच धुऊन-पुसून लखलखीत आणायचं. बारा काडतुसं ज्या भोकातून गेली ते आता चुलीच्या धुराड्यासारखं काळं हवं होतं.

तीन नंबरचं भोक चमच्यासारखं चकाकत होतं.

२

ते तिथल्या तिथे सगळ्यांना दाखवता आलं असतं. पण पत्ते लगेच उघडणारी बाई बर्लशी चाळीस वर्षं पत्ते खेळून जिंकली नसती. तिने बूच रुमालात गुंडाळून एप्रनच्या खिशात टाकलं. काळं भोक एक नंबरचं होतं, सगळ्यात मोठं. म्हणजे बार उडताना बूच एकावर होतं, आणि नंतर कुणीतरी ते गुपचूप तीनावर आणलं होतं. दोनदा हात लागला होता. एकदा आधी, एकदा नंतर.

हार्लेस पायरीवर बसून खांदा चोळत होता.

"तू बूच लावलंस कधी?"

"जेवणाआधी. चिठ्ठी वाचून, नेडीनच्या समोर, तीनावर. मग बंदूक रिकामी करून ओसरीवर बंदुका ठेवायच्या घोडीत उभी केली. अगं ऑर्फा, मी तुझा वैरी आहे का?"

"ते चार वाजता कळेल. जेवताना उठलास?"

"एकदाच. निशाण उतरवायला. सगळेच एकेकदा उठले. गारलँड फोनवर गेला, टॉली गाडीतून लोणच्याची बरणी आणायला. दोन मिनिटंसुद्धा कुणी बाहेर नव्हतं."

बूच फिरवायला दोन टक पुरतात. त्याला दोन सेकंदं लागतात.

"सकाळी मी आकड्यांची रीत सांगितली होती. काय सांगितलं होतं?"

हार्लेसने दुखावल्यासारखं करून वही काढली. हा माणूस हवासुद्धा वहीत लिहून ठेवायचा. "'लहान काडतुसाला लहान आकडा, मोठ्याला मोठा. एक म्हणजे धुराचा सगळ्यात जास्त वाटा, पाच म्हणजे सगळ्यात कमी.' कारखान्याच्या अगदी उलट. म्हणून तर दोनदा अधोरेखित केलंय."

"तेव्हा ऐकायला कोण कोण होतं?"

"मी, नेडीन, गारलँड, आणि ते बाकीचे रिकामटेकडे. टॉली पलीकडच्या टोकाला आपलं बूच तपासत होता. कानावर ते आवाज अडवायचे डबे लावून. ते काढले तरी त्याला कुठे ऐकू येतं म्हणा."

"आणि खांदा?"

"निळा झालाय. भारी काडतूस असतंच तसं. पण एक सांगतो, रागावू नकोस: तुझं बूच लाल काडतुसांना काय गोड चाललं! सहाच्या सहा लोण्यासारखी गेली. एक म्हणून अडकलं नाही."

ऑर्फाचा चेहरा पडला.

"एकही नाही?"

"एकही नाही. का गं?"

"कारण तीनावर निदान एक तरी अडकायलाच हवं होतं," ती म्हणाली. "माझं बूच इतकं चांगलं नाहीच मुळी."

३

गारलँड आपली लाल रंगाची बुचं मखमलीच्या खोक्यात मांडून बसला होता. सकाळच्या चार अडकण्यांनंतर गिऱ्हाईक कुणी फिरकत नव्हतं, तरी त्याने पत्रकं वाटणं काही सोडलं नव्हतं.

"बसा, मिस ऑर्फा. सभेत मी तुमच्या विरुद्ध हात वर करणार आहे, तो मनावर घेऊ नका. धंदा आहे."

"तुझा हात मी कधीच मनावर घेतला नाही. तुझ्या आटे पाडणाऱ्या हातात तर मनावर घेण्यासारखं काही नाहीच."

तो हसला. खरं सांगायचं तर गारलँडचं हसणं नळाच्या गळतीसारखं होतं. कुणी विचारो न विचारो, चालूच.

"एक विचारते. दुकानदार म्हणून सांग. उद्या तुला माझं बूच हरवायचं आहे. वाटा कमी पडून लाल काडतुसं अडकली पाहिजेत. कुठल्या आकड्यावर नेशील?"

"पाचावर," तो तत्काळ म्हणाला. "झोपेतून उठवून विचारा. अहो, सकाळी तुमच्या त्या उलट्या आकड्यांवर मीच नाही का सगळ्यांना हसवलं? सगळ्या जगात एक म्हणजे कमी, आणि मिस ऑर्फांच्या घरी एक म्हणजे जास्त. तुमच्याकडे घड्याळ तरी सरळ चालतं का?"

"चालतं. फक्त तुझ्या पत्रकांइतकं पुढे पळत नाही."

ती उठली. गारलँडला ती जिंकायला नको होती, हे तर उघडच होतं. पण एकावर नेऊन तो तिला हरवणार नव्हता. एकावर लाल काडतुसं उलट जास्तच गोड चालतात, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. बंदूकच फोडायची असेल तर गोष्ट वेगळी. पण फुटली तर ती हार्लेसच्या गालाशी फुटणार, आणि हार्लेस गारलँडच्या बायकोचा सख्खा भाऊ. गारलँड लबाड होता, पण मेव्हण्याचा गाल विकण्याइतका नाही. निदान त्या भावात तरी नाही.

मग हात लावणाऱ्याला नेमकं हवं होतं तरी काय?

४

क्लबाच्या मागे स्वयंपाकाची खोली, आणि तिथे नेडीन कॉम्प्टनचं राज्य. नेडीन गुणांची वही सांभाळायची, घेवडा शिजवायची आणि या दोन्ही कामांत कुणी लुडबुड केलेली तिला खपायची नाही.

"मी तुझ्याच बाजूने हात वर करणार," ती ऑर्फाला बघताच म्हणाली. "दोन्ही हात. कुणी मोजले तर मोजले."

"आधी सांग, आज घेवड्याला करपल्याचा वास का होता?"

"तूही बोल! सगळ्यांनी बोलून झालंय. अगं, मी मक्याचा पाव उलटत होते. टॉलीला म्हटलं, जरा आच कमी कर रे बाबा. चांगला समोर उभा होता. त्याने फिरवलं ते चाक, आणि कमी करायच्या ऐवजी चक्क भडकवलं! वर म्हणतो, तुझी शेगडी बिघडलीय. तीस वर्षं खाणीत पाण्याच्या झडपा सांभाळणारा माणूस, आणि त्याला शेगडी कळेना. बुडाला हा एवढा थर! पातेलं बाहेर भिजत घातलंय बघ, जेवणं झाल्यावर. त्यात आणखी कुणी मेल्याने कचरा टाकलाय."

"कसला कचरा?"

"जा, बघ ना."

ऑर्फा मागच्या दाराने बाहेर गेली. पातेलं खोलीच्या सावलीत, गवतावर. तिथून नेमबाजाची जागा चांगली सव्वीस पावलं. (नेडीन नंतर पस्तीस सांगायची, आणि आता तर या गोष्टीत मधे एक ओढाही आलाय. पण मूळ पावलं सव्वीसच.) करपलेल्या पाण्यात हिरवी पुंगळी तरंगत होती.

ऑर्फा तिथेच खाली बसली.

सकाळच्या सगळ्या पुंगळ्या हार्लेसच्या उजव्या बाजूला, सहा-सात पावलांत पडल्या होत्या. सगळ्यांनी पाहिल्या होत्या. पातेलं बाहेर आलं जेवणानंतर. म्हणजे ही पुंगळी तिच्याच पाळीतली. सहा पावलांवर पडायची ती सव्वीस पावलांवर फेकली गेली होती. धुराचा वाटा जास्त, म्हणजे दट्ट्याचा धक्का जास्त, म्हणजे फेक जास्त. बिचाऱ्या बंदुकीने सहा वेळा ओरडून सांगितलं होतं. पण सगळ्यांच्या कानावर डबे होते.

तिने पुंगळी झटकून खिशात टाकली आणि खोलीत परत आली. शेगडीसमोर उभी राहिली. चाक बंद होतं. तिने ते दाबून डावीकडे वळवलं. भक्कन मोठी आच. आणखी डावीकडे. आच लहान झाली. मग तिने ते अगदी हलक्या हाताने उजवीकडे परत फिरवलं.

आच पुन्हा मोठी झाली.

"अगं, तू पण?" नेडीन ओरडली.

"नेडीन," ऑर्फा म्हणाली, आणि तिच्या आवाजात पहिल्यांदाच आनंद नव्हता की राग नव्हता, "टॉलीची टोपी कुठे दिसली का गं तुला?"

५

चार वाजता बत्तीस माणसं मांडवाखाली जमली. मधल्या टेबलावर तडा गेलेली बंदूक होती, बूच नसलेली, आणि मागे तो फळा. हार्लेसने घसा साफ केला.

"ऑर्फा, तुला काही म्हणायचं असेल तर..."

"भरपूर. बसून ऐका, कारण मी थोडक्यात सांगणार नाही." तिने बूच टेबलावर ठेवलं. "हे तुम्ही दीड वाजता तीनावर बघितलं. कुणीतरी आत डोकावायला हवं होतं. कुणी डोकावलं नाही. माझ्याकडे बघण्यातच सगळे गुंतले होते. हार्लेस, तीनाच्या भोकात काय आहे?"

हार्लेसने चष्मा वर केला. "काही नाही. स्वच्छ आहे."

"एकाच्या?"

त्याने बूच उजेडाकडे धरलं. "काजळी. ठासून."

मांडवात कुजबुज झाली. तिने हिरवी पुंगळी बुचाशेजारी ठेवली. "ही नेडीनच्या पातेल्यातून, नेमबाजापासून सव्वीस पावलांवर. पातेलं जेवणानंतर बाहेर आलं. मोजायचं असेल तर मोजा, नेडीनला मोजू देऊ नका. माझी पाळी एकावर झाली. कुणीतरी जेवताना बूच तीनाचं एकावर नेलं, आणि बंदूक फुटल्यावर परत तीनावर आणलं. आता पहिला प्रश्न. कशासाठी?"

"बंदूक फोडायला," मागून कुणी तरी म्हणालं.

"हार्लेसच्या थोबाडाजवळ? नाही. त्याचा इतका राग कुणाला येत नाही, तो तेवढा महत्त्वाचा माणूस नाही." दोघेतिघे हसले, हार्लेसही. "हात लावणाऱ्याला फक्त मी हरायला हवं होतं. दोन-चार लाल काडतुसं अडकली की झालं. म्हणजे त्याला वाटा कमी करायचा होता, आणि झाला जास्त. तो चुकला. आता माझी रीत उलटी आहे हे हार्लेसने वहीत लिहिलंय, गारलँडने त्यावर विनोद केलेत, नेडीनने दोन्ही ऐकलंय. यांच्यापैकी कुणीही बूच पाचावर नेलं असतं. चुकला तो, ज्याने सकाळी माझं बोलणं ऐकलंच नाही. आकडे न बघता, नुसत्या हाताच्या सवयीने ज्याने बूच बंद करायला घेतलं, तो."

तिने बूच उचललं, बंदुकीत बसवलं, टक टक करत तीनावर आणलं, आणि बंदूक टेबलावर फिरवून नळीचं तोंड मोकळ्या डोंगराकडे केलं.

"टॉली, इकडे ये. वाटा जरा कमी कर बघू."

टॉलिव्हर रॅटलिफ उठला. एवढा मोठा माणूस, पण टेबलापर्यंत येताना निम्मा झाला. त्याचा उजवा हात थरथरत होता. गेलं वर्षभर थरथरत होता, आणि वर्षभर तो सगळ्यांना सांगत होता की थंडी आहे. त्याने हात पुढे केला. बुचाला बोटं लागली. आणि तीस वर्षं अंधारात, गुडघाभर पाण्यात, झडप म्हटलं की ज्या बाजूला तो हात वळत आला त्याच बाजूला वळला. उजवीकडे. टक. टक.

एक.

नेडीनच्या तोंडून बारीकसा आवाज निघाला. तिला घेवडा आठवला असावा.

"मी डावखुरी आहे, टॉली," ऑर्फा हळू म्हणाली. "माझी बुचं डावीकडे बंद होतात. नेडीनच्या शेगडीवरही आच डावीकडे गेल्यावर कमी होते. आज दिवसभरात तू दोन चाकं उजवीकडे फिरवलीस. एकाने घेवडा करपला."

"टेबलापर्यंत आणताना... फुटलीय हे कळल्यावर..." टॉली पुटपुटला.

"पंधरा पावलांत तू ते परत फिरवलंस. तापलेलं होतं, म्हणून टोपीत धरून. खिशातून काढ ती."

त्याने काढली. टोपीच्या आतल्या कापडावर तपकिरी गोल डाग होता, अंगठ्याएवढा.

"मला वाटलं दोन अडकतील," तो म्हणाला. "तीन. एवढंच. ऑर्फा, माझ्या हाताकडे बघ. हे शेवटचं बूच. यापुढे मला आटे पाडता यायचे नाहीत. एकोणीस वर्षं मी त्या फळ्यावर दुसरा आहे. आधी बर्लच्या खाली, मग तुझ्या. एकदा वर बघायचं होतं नाव. बंदूक... देवाशप्पथ, बंदूक मला नको होती फुटायला. बर्लची बंदूक..."

"आणि मला हाकलत होते तेव्हा तू गप्प होतास."

त्याने टोपी बंदुकीशेजारी ठेवली.

६

हार्लेसला आता शिक्षा करायची घाई झाली. दुपारी चुकलेल्या माणसाला संध्याकाळी फार न्याय सुचतो. "ठराव मांडतो," तो म्हणाला. "टॉलिव्हर रॅटलिफ याला क्लबातून..."

"हात खाली!" ऑर्फा गरजली. एकही हात अजून वर गेला नव्हता, तरी सगळे खाली गेले. "दीड वाजता एका प्रश्नावाचून तुम्ही मला काढायला निघालात. आता साडेचारला त्याला काढताय. आज या मांडवात कुणी कुणाला काढणार नाही. काढायचंच असेल तर बाकीच्या सगळ्यांना काढा, आणि मग मी आणि नेडीन दोघी बसू घेवडा खात."

"मग परीक्षा रद्द," गारलँड चटकन म्हणाला. "मिस ऑर्फांचा निकाल नाही, टॉलीने लबाडी केली. उरलो मी."

"तू उरतोसच, गारलँड. तुझी काळजी कुणाला नाही. माझी पाळी व्हायचीय अजून." ती गाडीकडे गेली आणि एक बंदूक घेऊन आली. बर्लने एकाच दिवशी दोन घेतल्या होत्या, जुळ्या. एक क्लबाला दिली, एक बायकोला. "ही स्वच्छ आहे, म्हणून आधी घाण करू. क्लबाच्या बंदुकीतून सकाळपासून जितकी गेली तितकीच, चाळीस. मग वीस. बूच हेच, आकडा तीन, आणि लावणार हार्लेस. मारणार मी."

"बहात्तर वर्षांची आहेस तू!" नेडीन म्हणाली.

"म्हणून तर उद्यावर ढकलत नाही."

चाळीस गेली. मग खिचडी सुरू झाली. लाल, हिरवं, लाल, हिरवं. पुंगळ्या तिच्या उजवीकडे पाच-सहा पावलांत निमूट पडत होत्या. पाचव्याला बंदूक अडकली. ऑर्फाने खटका ओढून मोकळी केली आणि स्वतःच मोठ्याने म्हणाली, "एक." तेराव्याला पुन्हा. "दोन."

आता टॉलीची बरोबरी झाली होती. चौदा, पंधरा, सोळा, सतरा, अठरा. मांडवातल्या कुत्र्यांनीसुद्धा श्वास रोखला, असं म्हणतात. मी त्या कुत्र्यांना ओळखतो, ती खोटं बोलायची नाहीत. एकोणिसावं लाल. बार झाला. पुंगळी अर्धी बाहेर आली आणि दारात अडकलेल्या पाहुण्यासारखी तिथेच राहिली.

हार्लेस हळूच म्हणाला, "खांदा हलला तुझा. ते धरायचं नाही. सगळे म्हणतील..."

"तीन," ऑर्फा म्हणाली. विसावं मारलं, बंदूक रिकामी करून ठेवली, आणि खडू उचलून फळ्यापाशी गेली.

टॉलीला तेव्हा कळलं. कळलं ते त्याच्या चेहऱ्यावर पसरताना सगळ्यांना दिसलं. तो नुसता बसून लोणचं खात राहिला असता, गाडीकडे गेलाच नसता, तर...

"नको," तो म्हणाला. "ऑर्फा, हात जोडतो. माझं नाव वर लिहू नको."

"तुझ्या बुचाला दोन अडकण्या. माझ्या बुचाला तीन. गारलँडच्या बुचाला चार. बुचांची परीक्षा आहे, माणसांची नाही." ती डाव्या हाताने, मोठ्या अक्षरांत लिहीत होती. टॉलिव्हर रॅटलिफ. दोन. "आज या डोंगरात सगळ्यात चांगलं बूच तू बनवलंस. थरथरत्या हाताने बनवलंस. आणि हे तुला वर्षभर, दर शनिवारी, मान वर करून वाचावं लागणार आहे. एक शनिवार चुकलास तर मी घरी येऊन फरफटत आणीन."

"आणि बर्लची बंदूक?" हार्लेसने विचारलं.

"फळ्याच्या बाजूला टांग. त्याच्या बरोबर नजरेसमोर."

तिने खडू ठेवला, हात झटकले. लोक उठायला लागले. कुणी टॉलीच्या जवळ गेलं नाही, कुणी लांबही गेलं नाही. शेवटी ऑर्फाच त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसली, आणि नेडीनने दोघांसमोर करपलेल्या घेवड्याची एकेक वाटी आदळली.

"खा," नेडीन म्हणाली. "दोघांनी. वाया घालवणार नाही मी." मग ऑर्फाकडे वळून, "आणि काय गं, आता तरी पुढच्या वर्षी बूच उजवीकडे बंद होणारं करशील ना? चारचौघांसारखं?"

ऑर्फाने घास गिळला. करपलेला होता, तरी गिळला.

"मुळीच नाही," ती म्हणाली. "चारचौघांना सांग, डावीकडे फिरवायला शिका."